गुळाची चूळ आणि घड्याळाचा काटा

उन्हातान्हातून कुणी घरी आले की आधी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढे करायचा, ही मराठवाड्यातली जुनी रीत. चहाने तिची जागा बरीचशी घेतली असली तरी परभणी-हिंगोलीच्या खेड्यांतून ती अजून पुरती गेलेली नाही. पाहुणा गुळाचा खडा तोंडात टाकतो, वर पाणी पितो आणि घोटभर पाणी पोटात जाते न जाते तोच ‘बरं वाटलं’ म्हणतो. या ‘बरं वाटलं’ला इतकी घाई का, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. गुळातली साखर जठरातून आतड्यात उतरायची, तिथे तिचे विघटन व्हायचे, मग ती रक्तात शिरायची आणि रक्तातून स्नायूंपर्यंत पोचायची, याला काही मिनिटे तरी लागणारच. तरतरी मात्र त्याआधीच येते. ही तरतरी म्हणजे निव्वळ यजमानाच्या अगत्याचा परिणाम, की तोंडात गोड पडल्याबरोबर शरीरात खरोखरच काही घडते?

गेली वीस-बावीस वर्षे क्रीडाशास्त्रातले संशोधक हाच प्रश्न जरा वेगळ्या रूपात विचारत आहेत. कर्बोदकांचे पाणी तोंडात घ्यायचे, पाच-दहा सेकंद खळखळवायचे आणि न गिळता थुंकून टाकायचे. पोटात काही जात नाही, म्हणजे ऊर्जाही जात नाही. असे करून खेळाडूची कामगिरी सुधारते का? २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकात इंग्लंडचे काही खेळाडू बाटलीतले पेय तोंडात घेऊन थुंकताना दिसले आणि हा प्रकार जगभरच्या वृत्तपत्रांत झळकला. इंग्रजीत त्याला काहीही नाव असो, मराठीत त्यासाठी नवा शब्द घडवायची गरज नाही. ही चूळच आहे, फक्त गोड.

या विषयाची दखल एका साहित्यिक दिवाळी अंकात घेण्याचे कारण दुहेरी आहे. दमणूक म्हणजे काय, आणि ती स्नायूत असते की मनात, या फार जुन्या प्रश्नाला या चुळीने नव्याने हात घातला, हे पहिले. दुसरे कारण आपल्या दारातले आहे. येलदरी, जिंतूर, सेनगाव या भागांत पहाटे रस्त्याच्या कडेने धावणाऱ्या मुलामुलींचे आयुष्य सध्या सेकंदांच्या हिशेबात अडकलेले आहे. स्वस्तात सेकंद वाचवून देणाऱ्या प्रत्येक युक्तीला त्यांच्यात गिऱ्हाईक आहे. म्हणूनच ही युक्ती नेमकी काय आहे आणि काय नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे.

कोडे कसे पडले

लांब पल्ल्याच्या व्यायामात साखर उपयोगी पडते, हे जुनेच ज्ञान. आपल्या स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साधारण चारशे-पाचशे ग्रॅम कर्बोदके साठवलेली असतात, यकृतात आणखी ऐंशी-शंभर ग्रॅम असतात, आणि रक्तात फिरणारी साखर जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. दोन-अडीच तास धावले की हा साठा आटत जातो आणि वाटेत साखर मिळाली तर धावणाऱ्याला आधार मिळतो. यात गूढ काही नाही.

गूढ होते ते एका तासाच्या व्यायामात. तासाभराच्या जोरदार सायकलिंगमध्ये साठा संपत नाही. शिवाय त्या तासात प्यायलेल्या पेयातली जेमतेम पाच ते पंधरा ग्रॅम साखर प्रत्यक्ष जळते. एकूण खर्चाच्या मानाने ही रक्कम किरकोळच. तरीही १९९७ मध्ये आस्कर य्यूकेनड्रुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले की, कर्बोदकांचे पेय पिणारे सायकलपटू ठरावीक काम सुमारे दोन टक्के लवकर संपवतात. इंधनाची टाकी भरलेली असताना वरून चमचाभर पेट्रोल ओतल्यामुळे गाडी वेगाने पळावी, तसला हा प्रकार होता.

मग बर्मिंगहॅम विद्यापीठात दोन प्रयोग झाले. पहिल्यात ग्लुकोज थेट शिरेतून देण्यात आले. तोंड आणि पोट दोन्ही टाळून साखर सरळ रक्तात पोचवली. रक्तातली साखर वाढली, स्नायूंना ती मिळालीही, पण सायकलपटूंची वेळ सुधारली नाही. दुसरा प्रयोग याच्या नेमका उलट होता. जेम्स कार्टर, य्यूकेनड्रुप आणि डेव्हिड जोन्स यांनी २००४ मध्ये तो प्रसिद्ध केला. नऊ सायकलपटूंना माल्टोडेक्स्ट्रिन या पिठूळ कर्बोदकाचे ६.४ टक्के द्रावण दर टप्प्यावर पाच सेकंद तोंडात खळखळवून थुंकायला सांगितले. दुसऱ्या फेरीत त्याऐवजी साधे पाणी दिले. साध्या पाण्याच्या चुळीने जे काम ६१.३७ मिनिटांत झाले, तेच कर्बोदकांच्या चुळीने ५९.५७ मिनिटांत झाले. फरक २.९ टक्के.

दोन्ही प्रयोग शेजारी ठेवून पाहिले की कोडे स्पष्ट होते. साखर रक्तात गेली पण तोंडात पडली नाही, तेव्हा फायदा झाला नाही. साखर तोंडात पडली पण रक्तात गेली नाही, तेव्हा फायदा झाला. म्हणजे तासाभराच्या श्रमात साखर इंधन म्हणून काम करत नव्हती, निरोप म्हणून काम करत होती.

निरोप कुणाला, कसा

निरोप जातो मेंदूला. २००९ मध्ये बर्मिंगहॅमच्याच चेंबर्स, ब्रिज आणि जोन्स यांनी हे चित्र पूर्ण करण्याचा प्रयत्न केला. त्यांनी ग्लुकोजची आणि माल्टोडेक्स्ट्रिनची चूळ वेगवेगळी तपासली. तुलनेसाठीच्या द्रावणात सॅकरिन मिसळून ते तितकेच गोड केले होते, म्हणजे गोडीवरून सायकलपटूंना काही ओळखू येऊ नये. ग्लुकोजच्या चुळीने सुमारे दोन टक्के, तर माल्टोडेक्स्ट्रिनच्या चुळीने सुमारे तीन टक्के वेळ वाचला. सॅकरिनच्या नुसत्या गोडव्याने काही साधले नाही. मग द्रावण तोंडात असताना मेंदूची चुंबकीय प्रतिमा घेतली, तेव्हा कर्बोदक असेल तरच मेंदूतले काही भाग उजळलेले दिसले. अग्र सिंग्युलेट बाह्यक आणि स्ट्रायटम हे ते भाग. प्रेरणा, बक्षिसाची अपेक्षा आणि हालचालींचे नियंत्रण यांच्याशी त्यांचा संबंध असतो.

यातला एक तपशील विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. माल्टोडेक्स्ट्रिन जवळजवळ बेचव असते. तरीही तोंडाला ते कळते. गोड चव ओळखणारे जिभेवरचे ग्राही रेणू आता चांगले परिचित आहेत, पण त्यांच्याशिवायही कर्बोदक ओळखण्याची सोय तोंडात असावी, असे पुरावे पुढे आले. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमधील संशोधकांनी दाखवले की, गोडव्याचे ग्राही रोखून धरले तरी माणसांना ग्लुकोजच्या छोट्या साखळ्यांची चव कळते. उत्क्रांतीच्या अंगाने पाहिले तर यात नवल नाही. ज्या प्राण्याला कंदात, दाण्यात दडलेली ऊर्जा जिभेवरच ओळखता येते, त्याचा फायदाच आहे. ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा न गिळता बराच वेळ चावत राहिले तर तो हळूहळू गोडसर लागतो, हे आपण सगळ्यांनी अनुभवले आहे. लाळेतले अमायलेज पिठाच्या लांब साखळ्या तोडून त्यांची साखर करू लागते. पचनाचा पहिला कारखाना तोंडातच आहे, आणि मेंदूला पहिली खबरही तिथूनच जाते.

ही खबर किती लवकर पोचते? न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या गँट, स्टिनिअर आणि बिब्लो यांनी २०१० मध्ये दाखवले की, दमलेल्या हाताच्या स्नायूंकडे जाणारा मेंदूचा संदेश कर्बोदक तोंडात पडताच लगेच जोमदार होतो. रक्तातली साखर वाढायच्या कितीतरी आधी. गूळपाण्याने येणाऱ्या झटपट तरतरीत या यंत्रणेचा वाटा असू शकतो, असे म्हणायला त्यामुळे जागा आहे. गूळ म्हणजे मुख्यतः सुक्रोज, आणि सुक्रोजमध्ये निम्मे ग्लुकोज असते. अर्थात पाहुण्याने सावलीत टेकणे, थंड पाणी पिणे आणि कुणीतरी आपली वाट पाहत होते हे कळणे, यांचा वाटा वजा करून चालणार नाही.

इथे एक सावधगिरी. तोंडात द्रव धरण्याचे आणि खळखळवण्याचे प्रकार आयुर्वेदात गंडूष आणि कवल या नावांनी प्रसिद्ध आहेत. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात त्यांच्यासाठी स्वतंत्र अध्याय आहे. परंतु त्यांचा उद्देश मुख, दात, स्वर आणि रुची यांच्या आरोग्याचा आहे. ‘आपल्या पूर्वजांना हे सगळे ठाऊकच होते’ अशी ललकारी ठोकायला तिथे आधार नाही. जुन्या ग्रंथाचा मान राखायचा असेल तर त्यात जे लिहिले आहे तेच वाचावे.

धरणावरचा अधिकारी

साठा असूनही शरीर तो खर्च का करत नाही, आणि नुसत्या खबरीवर जास्त खर्च करायला का तयार होते? याचे उत्तर समजायला येलदरीचे धरण उपयोगी पडेल.

पूर्णा नदीवरचे हे धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. त्याची एकूण साठवण क्षमता सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर. पायथ्याशी साडेसात मेगावॉटचे तीन संच, म्हणजे साडेबावीस मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. खाली हिंगोली जिल्ह्यात सिद्धेश्वर धरण आहे, आणि परभणी, हिंगोली, नांदेड या तिन्ही जिल्ह्यांची शेती व पिण्याचे पाणी या जोडीवर अवलंबून आहे. आता धरणावरच्या अधिकाऱ्याच्या जागी बसून पाहा. समोर अथांग पाणी आहे, पण दरवाजे किती उचलायचे हे तो केवळ समोरच्या पाण्यावरून ठरवत नाही. पुढे किती दिवस काढायचे आहेत, वरून किती येणार आहे, हा त्याचा हिशेब असतो. वरच्या अंगाला बुलडाणा जिल्ह्यात खडकपूर्णा प्रकल्प आहे. तिथून पाणी सोडल्याचा निरोप आला की, ते पाणी येलदरीत पोचायच्या आतच इथला विचार बदलतो. साठ्यात अजून एक थेंबही वाढलेला नसतो, तरी हात सैल होतो.

मेंदू शरीराचा असाच अधिकारी आहे, अशी एक उपपत्ती आहे. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्चिबाल्ड हिल यांनी १९२० च्या दशकातच हृदयाला इजेपासून वाचवणाऱ्या नियामकाची कल्पना मांडली होती. दक्षिण आफ्रिकेच्या टिम नोक्स यांनी तिचा पुढे विस्तार केला. मेंदू शरीराला कधीच पार रिकामे होऊ देत नाही, तो आधीच वेग आवरतो, आणि ‘आता होत नाही’ ही भावना म्हणजे त्याच आवरण्याचे जाणिवेत उमटलेले रूप, असे ते म्हणतात. ही उपपत्ती सर्वमान्य नाही. दमणूक मुळात स्नायूंतल्या रासायनिक बदलांमुळेच येते असे मानणारेही पुष्कळ आहेत, आणि दोन्ही बाजूंत थोडेथोडे खरे असावे. पण चुळीचा प्रयोग पहिल्या बाजूला मोठा आधार देऊन गेला. तोंडातली साखर म्हणजे खडकपूर्णेहून आलेला निरोप. पाणी अजून वाटेत आहे. चुळीच्या बाबतीत तर ते येणारच नाही, कारण ते थुंकून टाकलेले आहे. तरीही अधिकारी दरवाजा बोटभर वर उचलतो.

पोट रिकामे असेल तर या निरोपाचे वजन वाढते. लेन आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या प्रयोगात उपाशी सायकलपटूंची सरासरी शक्ती चुळीने ३.४ टक्के वाढली, जेवलेल्यांची १.८ टक्के. काही प्रयोगांत तर जेवलेल्यांना काहीच फायदा दिसला नाही. हेही धरणासारखेच. भर श्रावणात, धरण काठोकाठ असताना, वरून पाणी येण्याच्या बातमीने कुणाचा जीव भांड्यात पडत नाही. तीच बातमी जूनच्या कोरड्या आठवड्यात आली तर गोष्ट वेगळी.

स्प्रिंटची कसोटी

आतापर्यंत बोललो ते तासाभराच्या श्रमाबद्दल. शंभर मीटरची धाव मात्र अकरा-बारा सेकंदांत संपते. तिथे ही चूळ काय करणार?

आधी स्प्रिंटचे अर्थकारण पाहू. पहिल्या काही सेकंदांची ऊर्जा स्नायूंत तयार असलेल्या एटीपी आणि फॉस्फोक्रिएटिन या रेणूंतून येते. त्यांचा साठा साधारण दहा सेकंदांत उतरणीला लागतो आणि तोवर ग्लायकोजेन प्राणवायूविना मोडण्याची क्रिया जोरात सुरू झालेली असते. बाहेरच्या साखरेला इथे कामच नाही. मेंदूच्या अंगाने पाहिले तर राखून ठेवण्याचा प्रश्नही फारसा उरत नाही. दहा किलोमीटर धावणारा पहिल्या किलोमीटरला हात राखून धावतो. शंभर मीटरवाला बंदुकीच्या आवाजाबरोबर सगळे दरवाजे एकदम उघडतो. जिथे सगळे दरवाजे आधीच उघडे, तिथे निरोप येऊन काय फरक पडणार?

प्रयोगांचे निकाल बऱ्याच अंशी या तर्काला धरूनच आहेत. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या चाँग, ग्वेल्फी आणि फूर्निए यांनी स्पर्धात्मक सायकलपटूंकडून तीस सेकंदांचा स्प्रिंट करून घेतला. माल्टोडेक्स्ट्रिन आणि ग्लुकोज, दोन्हींपैकी कोणत्याही चुळीने फरक पडला नाही. २०१३ मध्ये बीव्हन आणि सहकाऱ्यांनी सहा सेकंदांचे पाच स्प्रिंट ओळीने करून घेतले. त्यात चुळीने शक्ती वाढली, पण मुख्यतः पहिल्या स्प्रिंटमध्ये. २०१४ मध्ये स्कॉटलंडच्या फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी एकाच चुळीऐवजी आठ चुळा भरायला लावल्या. तीस सेकंदांच्या स्प्रिंटमध्ये शक्तीचे शिखर सुमारे २.३ टक्के उंचावले, सरासरी शक्ती मात्र जिथल्या तिथे राहिली. उलट, मैदानावर धावून केलेल्या डॉर्लिंग आणि अर्नेस्ट यांच्या प्रयोगात, तसेच फुटबॉलपटूंवर झालेल्या पुनःपुन्हा धावण्याच्या प्रयोगांत, काही हाती लागले नाही.

हे आकडे आपल्या ओळखीच्या खेळांत बसवून पाहू. कबड्डीतली एक चढाई तीस सेकंदांची. तीस सेकंदांचा स्प्रिंट म्हणजे कालावधीपुरती एक चढाईच. पण सायकलवर बसून एकसारखे पाय मारणे आणि चढाई करताना दबा धरणे, हूल देणे, झेपावणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रयोगशाळेतल्या सायकलवर शिखरशक्ती दोन टक्क्यांनी वाढली म्हणून चढाईला एक गुण जास्त मिळेल, असा हिशेब मांडता येत नाही. अमेरिकेच्या आहारतज्ज्ञ आणि क्रीडावैद्यक संघटनांनी कॅनडाच्या आहारतज्ज्ञांसह २०१६ मध्ये काढलेल्या संयुक्त भूमिकापत्रातही चुळीचा उल्लेख आहे, पण तो ४५ ते ७५ मिनिटांच्या सलग जोरदार श्रमासंदर्भात. शंभर मीटरसंदर्भात नाही.

महाराष्ट्राच्या धावपटूंची यादी डोळ्यांसमोर आणली तर या मर्यादा आणखी स्पष्ट होतात. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेस आठ मिनिटांच्या आसपास पूर्ण करतो. चुळीचा फायदा जिथे दिसला त्या पट्ट्याच्या हा खेळ अलीकडे आहे. परभणीची ज्योती गवते मॅरेथॉन धावते. तिथे अडीच-तीन तास खरेच इंधन लागते. नुसत्या निरोपावर भागत नाही, घोट गिळावाच लागतो. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत नाशिक जिल्ह्यातल्या कविता राऊतने ज्या दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, ते अर्ध्या तासाहून थोडे अधिक लांबणारे अंतर या पट्ट्याच्या उंबरठ्यावर येते. धावण्यावरच्या प्रयोगांत रोलो आणि सहकाऱ्यांचा २०१० चा प्रयोग बोलका आहे. तासभर धावताना चूळ भरणारे धावपटू सरासरी १४,२९८ मीटर गेले, तर तुलनेच्या द्रावणाने १४,०८६ मीटर. दोनशेबारा मीटरचा फरक शर्यतीत छोटा नव्हे. मात्र धावपटूंवरच्याच एका आधीच्या प्रयोगात काहीच फरक आढळला नव्हता.

साध्या पाण्याची शंका

निकाल असे उलटसुलट का येतात? प्रयोग बहुतेक आठ-दहा-बारा जणांवर झालेले आहेत, आणि इतक्या थोड्या लोकांत दोन टक्क्यांचा फरक पकडणे अवघड असते. कुणाचे पोट किती रिकामे होते, चूळ किती सेकंद धरली, किती वेळा भरली, यातही एकवाक्यता नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अकरापैकी नऊ अभ्यासांत सुधारणा दिसली होती, पण तिची व्याप्ती दीड टक्क्यापासून साडेअकरा टक्क्यांपर्यंत पसरलेली होती. एकाच उपायाचे फळ इतके कमीजास्त यावे, हेच सावध व्हायला पुरेसे आहे. २०१९ च्या सायकलिंगवरच्या एका एकत्रित विश्लेषणात सरासरी शक्ती थोडी वाढलेली आढळली, पण अंतर पूर्ण करण्याच्या वेळेत ठोस फरक दिसला नाही.

सगळ्यांत मार्मिक शंका गॅम, ग्वेल्फी आणि फूर्निए यांनी २०१३ मध्ये काढली. सगळे जण कर्बोदकांच्या चुळीची तुलना साध्या पाण्याच्या चुळीशी करत होते. या तिघांनी तिसरी फेरी ठेवली, जिच्यात चूळच भरायची नव्हती. तेव्हा दिसले ते असे : साध्या पाण्याची चूळ भरणारे सर्वांत मागे राहिले, आणि कर्बोदकांची चूळ भरणारे चूळ न भरणाऱ्यांच्या जवळपासच होते. धापा टाकत सायकल मारताना पाच-दहा सेकंद तोंड बंद ठेवणे हीच एक अडचण आहे, श्वास अडतो, लय तुटते. म्हणजे कर्बोदकाने काही मिळवून दिले की चुळीने केलेले नुकसान भरून काढले, हा प्रश्न खुला राहतो. चांगल्या विज्ञानाची खूण अशी की त्याला स्वतःच्या लाडक्या निष्कर्षावरही शंका घेता येते.

उपासाच्या दिवसांतल्या खेळाडूंबाबतही असाच अनुभव आहे. मलेशियात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रमजानचे रोजे धरलेल्या सायकलपटूंना दमट उकाड्यात दहा किलोमीटर सायकल चालवायला लावली. कर्बोदकांची चूळ आणि नुसती चूळ, दोन्ही गटांनी चूळ न भरणाऱ्यांपेक्षा चांगली वेळ नोंदवली. कोरड पडलेल्या तोंडाला ओलावा मिळणे हाही मेंदूला एक निरोपच असावा. आपल्याकडे रोजे धरणारे आणि एकादशी-चतुर्थी पाळणारे, दोन्ही घरांतली मुले मैदानावर असतात. उपासात चूळ चालते की नाही, हे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेनुसार ठरवावे. शरीरशास्त्र एवढेच सांगते की उपाशीपोटी मेंदूचे कान तोंडाकडे जास्त टवकारलेले असतात.

भरतीचे मैदान

आता दारातल्या कारणाकडे. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी पन्नास गुणांची असते. मुलांसाठी १६०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. मुलींसाठी १६०० ऐवजी ८०० मीटर. शंभर मीटरमध्ये घड्याळातल्या एका सेकंदामागे दोन-तीन गुण मागेपुढे होतात, आणि एकेका गुणावर गुणवत्ता यादीतली कितीतरी नावे उभी असतात. येलदरीला धरण आहे, पण धरणाच्या पाण्याने त्या पंचक्रोशीतल्या सगळ्यांची शेते भिजत नाहीत. दोन-तीन एकर कोरडवाहू जमिनीत दोन भावांचे भागत नाही. मग एक जण पहाटे चारला उठून धावू लागतो. त्याच्या लेखी ते शंभर मीटर म्हणजे खेळ नव्हे, घराच्या कर्जाचा, बहिणीच्या लग्नाचा आणि स्वतःच्या वयोमर्यादेचा हिशेब असतो.

अशा मुलाच्या हाती मोबाइलवरून ‘तोंडात साखरेचे पाणी धरा, वेग वाढवा’ असला सल्ला पडतो, तेव्हा त्याला खरे काय ते कळायला हवे. शंभर मीटरसाठी या चुळीचा भरवसा धरण्याजोगा पुरावा नाही. सोळाशे मीटरची धाव पाच-सहा मिनिटांची, म्हणजे जिथे फायदा दिसला त्या पट्ट्यापासून दूर. चूळ केल्याने मोठे नुकसानही नाही. फार तर दातांची काळजी घ्यावी, कारण दिवसातून दहादा गोड पाणी तोंडात घोळवणे किडीला आमंत्रण आहे. खरा धोका चुळीच्या भोवती आहे. हलके वाटावे म्हणून, किंवा रात्रभर परक्या शहरात फलाटावर काढावी लागल्यामुळे पुष्कळ उमेदवार मैदानावर उपाशी उभे राहतात. उपाशीपोटी चूळ जास्त चालते, याचा अर्थ उपाशी राहावे असा कुणी काढला तर तो अनर्थ ठरेल. त्या प्रयोगांतले उपाशी सायकलपटू चांगले पोसलेले होते, एका रात्रीपुरते उपाशी होते आणि त्यांच्या शेजारी वैद्यकीय देखरेख होती. शिवाय त्याच प्रयोगात सर्वांत जास्त शक्ती जेवून आलेल्यांनीच दाखवली.

मेंदूचे आवरणे ही शरीराची संरक्षक भिंत आहे, हेही विसरून चालणार नाही. २०२४ मध्ये झारखंडमधल्या उत्पादन शुल्क शिपाई भरतीच्या धावण्यात उकाड्याने आणि श्रमाने दहापेक्षा अधिक उमेदवारांचे प्राण गेले. महाराष्ट्रातल्या मैदानांवरूनही अशा बातम्या येऊन गेल्या आहेत. त्या अधिकाऱ्याचा हात जबरदस्तीने दूर करून सगळे दरवाजे उघडले तर खालची गावे वाहून जातात. उत्तेजक गोळ्या आणि इंजेक्शने हेच करतात. चूळ त्या मानाने सज्जन आहे. ती अधिकाऱ्याला फक्त निरोप देते, निर्णय त्याच्याच हाती ठेवते.

मग त्या मुलाला काय सांगावे? आठवड्यांचा नियमित सराव, शंभर मीटरसाठी सुटण्याचे तंत्र आणि पायांची ताकद, चाचणीच्या दोन-तीन तास आधी हलके पण पोटभर खाणे, उन्हात पुरेसे पाणी आणि आदल्या रात्री झोप. हे सगळे जुनेच आहे आणि रुचकर नाही. परंतु सेकंद याच्यातूनच निघतात. आणि भरती घेणाऱ्या यंत्रणेला सांगायचे तर, उमेदवारांना रात्रीचा निवारा, पहाटेचा नाश्ता आणि उन्हापूर्वीची वेळ दिली, तर कुठल्याही चुळीपेक्षा जास्त गुण वाढतील.

निरोप खोटा असला तरी

या संशोधनातून खेळाडूंच्या पदरात फार तर दोन-तीन टक्के पडतात, तेही ठरावीक परिस्थितीत. बाकीच्यांच्या पदरात काय पडते? दमणुकीकडे पाहण्याची एक जास्त बारीक नजर. थकलेला माणूस ‘आता जमत नाही’ म्हणतो, तेव्हा तो ढोंग करत नसतो आणि त्याचा साठाही संपलेला नसतो. त्याच्या आतला एक सावध हिशेबनीस उद्याची काळजी करत असतो. त्या हिशेबनिसाला दम देऊन उपयोग होत नाही. त्याला खात्री पटवून द्यावी लागते की वरून पाणी येते आहे, पुढचे दिवस निभावतील.

खेळाडूच्या तोंडातली चूळ हा निरोप फसवून देते. पुढे पाणी येत नाही, आणि म्हणूनच तिचा उपयोग तासाभरापुरता. वारंवार खोटा निरोप देणाऱ्यावर कुठला अधिकारी विश्वास ठेवील? गूळपाण्याची रीत घालून देणाऱ्यांना मेंदूतल्या स्ट्रायटमची माहिती नव्हती. पण गुळाचा खडा हातावर ठेवल्यावर ते पाहुण्याला तो थुंकायला सांगत नसत. त्यानंतर चुलीवर भाकरी पडायची. तोंडाला दिलेला शब्द पोटात पाळला जायचा.